तुलना कोणाशी? डिस्लेक्सियाच्या संशोधनातून शिकण्यासारखी एक गोष्ट

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. "तुमचा कंट्रोल ग्रुप कोणता?" आपण "नॉर्मल मुलांचा" असं सांगून मोकळे होतो. माझंही तेच झालं होतं. मग पुढचा प्रश्न आला, "नॉर्मल म्हणजे नक्की कोण?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या प्रश्नाचं उत्तर मला नंतर इतिहासात सापडलं. वाचनात अडणाऱ्या मुलांवर सव्वाशे वर्षांहून जास्त काळ संशोधन चालू आहे. त्यातली नावं आणि सिद्धांत तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळतील. आज मी फक्त एक धागा धरून जाणार आहे: दर वेळी संशोधकांनी त्या मुलाला कोणाशेजारी उभं केलं? कारण या क्षेत्रात शेजारी बदलला की निष्कर्ष बदलला आहे, आणि निष्कर्ष बदलला की शाळेत कोणाला मदत मिळणार हेही बदललं आहे.

पर्सी आणि मेंदूला इजा झालेले प्रौढ

७ नोव्हेंबर १८९६. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांचं छोटंसं टिपण छापून आलं. मॉर्गन हे इंग्लंडमध्ये ससेक्समधल्या सीफर्ड गावचे डॉक्टर. त्यांनी १४ वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाचं वर्णन केलं होतं. मुलगा हुशार, खेळात चपळ, नजर उत्तम. सात वर्षांचा असल्यापासून त्याला शिकवायचे प्रयत्न चालू होते, तरी त्याला वाचता येत नव्हतं. स्वतःचं नावसुद्धा तो अक्षरं मागेपुढे करून लिहायचा. पण अंक मात्र सहज वाचायचा. ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार त्याने झटकन आणि बरोबर केला. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत पहिला आला असता.

मॉर्गन यांनी याला 'जन्मजात शब्दांधत्व' म्हटलं. हा शब्द आला कुठून? १८७७ मध्ये जर्मन वैद्य कुसमाउल यांनी 'शब्दांधत्व' ही संज्ञा वापरली होती आणि १८८७ मध्ये श्टुटगार्टचे नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी 'डिस्लेक्सिया' हा शब्द आणला. दोघांचे रुग्ण प्रौढ होते. त्यांना आधी वाचता येत होतं आणि मेंदूच्या आजाराने किंवा इजेने ती क्षमता गेली होती. ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शेलवुड यांनी अशाच रुग्णांवर १८९५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, आणि ते वाचूनच मॉर्गन यांना पर्सीची केस लिहावीशी वाटली.

म्हणजे पहिली तुलना अशी झाली: एका बाजूला कधीच वाचायला न शिकलेला मुलगा, दुसऱ्या बाजूला वाचन हरवलेला प्रौढ. प्रौढाच्या मेंदूत डाव्या बाजूच्या विशिष्ट भागाला इजा दिसते, मग मुलाच्या त्याच भागाची वाढ नीट झाली नसेल, असा तर्क निघाला. तर्क हुशारीचा होता आणि मेंदूकडे लक्ष वेधलं हे मोठंच काम झालं. पण त्यातली फट बघा. एखादी गोष्ट हरवणं आणि ती मुळात न मिळणं, या दोन वेगळ्या घटना आहेत. शिवाय यांतले बर्लिन आणि हिन्शेलवुड हे डोळ्यांचे डॉक्टर. त्यामुळे वाचनाची अडचण म्हणजे 'दिसण्याची' अडचण, हे गृहीत पहिल्या दिवसापासून आत शिरलं आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं तिथेच बसून राहिलं.

उलटी अक्षरं

१९२५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सॅम्युअल ऑर्टन या मेंदू-मनोविकारतज्ज्ञाने फिरत्या क्लिनिकमध्ये तपासलेल्या शाळकरी मुलांवर पेपर लिहिला. ही मुलं इंग्रजी बी आणि डी यांच्यात गोंधळतात, शब्द उलट्या दिशेने वाचतात, हे त्यांनी टिपलं. त्यांचा अंदाज असा, की मेंदूच्या दोन अर्धगोलांत अक्षराच्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा साठतात आणि एका बाजूचं वर्चस्व पक्कं झालं नाही की उलटी प्रतिमा वर येते. या गोंधळाला त्यांनी 'स्ट्रेफोसिम्बोलिया' असं भारदस्त नाव दिलं.

हे नाव टिकलं नाही, पण कल्पना आजही जिवंत आहे. २००७ च्या 'तारे जमीन पर'मधली नाचणारी अक्षरं आठवा. आजही कोणी डिस्लेक्सिया म्हटलं की "म्हणजे अक्षरं उलटी दिसतात ना?" हाच प्रश्न येतो.

ऑर्टन यांच्या मांडणीत काय राहून गेलं? उलटी अक्षरं तर नुकतंच लिहायला लागलेलं जवळजवळ प्रत्येक मूल काढतं. मग मागे पडलेल्या मुलाच्या उलट्या अक्षरांना कारण म्हणायच्या आधी दोन प्रश्न विचारायला हवेत. त्याच्या एकूण चुकांपैकी अशा चुका किती? आणि वाचनाच्या त्याच टप्प्यावरची इतर मुलं त्या किती करतात?

पहिला प्रश्न इझाबेल लिबरमन आणि डोनाल्ड शँकवायलर यांच्या गटाने १९७१ मध्ये विचारला. दुसरीतल्या कच्च्या वाचकांच्या चुका त्यांनी एक-एक करून वर्गवारीत टाकल्या. उलटेपणाच्या चुका निघाल्या साधारण पाव. बाकीच्या बहुतेक चुका स्वर आणि व्यंजनांचा उच्चार चुकण्याच्या होत्या. नजरेत भरत होत्या म्हणून उलट्या अक्षरांच्या चुका जास्त वाटत होत्या, एवढंच. हे मोजायला वही-पेन पुरलं असतं, आणि तरी ऑर्टन यांच्या पेपरनंतर ते व्हायला ४६ वर्षं गेली!

इथे एक गोष्ट ऑर्टन यांच्या बाजूने सांगायला हवी. त्यांच्या प्रेरणेने ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन यांनी जी शिकवण्याची पद्धत रचली, तिच्यात अक्षर आणि ध्वनी यांचं नातं पायरीपायरीने पक्कं करून घेतात. ती वाट उपयोगी ठरली. सिद्धांत चुकला म्हणून उपाय चुकलाच असं होत नाही, आणि उपाय चालला म्हणून सिद्धांत बरोबर ठरत नाही. हे वाक्य तुमच्या थिसिसच्या चर्चेच्या प्रकरणाशेजारी चिकटवून ठेवा.

हिब्रू अक्षरांची युक्ती

दोष नजरेच्या स्मरणात आहे की आणखी कुठे, हे वेगळं कसं करायचं? १९७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात आल्बनी इथे फ्रँक व्हेलुटिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती वापरली. कच्च्या वाचकांना इंग्रजी अक्षरं दाखवून ती आठवायला सांगितली की ते मागे पडणारच, कारण चांगल्या वाचकांचा इंग्रजीचा सराव जास्त असतो. मग दोन्ही गटांना सारखीच परकी असलेली लिपी का वापरू नये? त्यांनी मुलांना हिब्रू अक्षरं थोडा वेळ दाखवली आणि आठवून काढायला लावली. कच्चे वाचक आणि चांगले वाचक यांच्यात फरक दिसला नाही.

म्हणजे अक्षराचा आकार डोळ्यांनी टिपणं आणि लक्षात ठेवणं त्यांना जमत होतं. आकाराला आवाज जोडायची वेळ आली की ते अडत होते. १९७९ च्या पुस्तकात व्हेलुटिनोंनी हा सगळा पुरावा एकत्र मांडला आणि दिसण्याचा सिद्धांत बराच मागे सरला.

वय सारखं की वाचन सारखं?

आता या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग. तोवर बहुतेक अभ्यासांत दहा वर्षांच्या कच्च्या वाचकाची तुलना दहा वर्षांच्या चांगल्या वाचकाशी व्हायची. वरवर यात काहीच चूक दिसत नाही. पण समजा, कच्चा वाचक शब्दांतले ध्वनी ओळखण्यात मागे पडला. आता कारण कोणतं आणि परिणाम कोणता? ध्वनी कळत नाहीत म्हणून वाचन अडलं, की पाच वर्षं वाचनच झालं नाही म्हणून ध्वनींकडे लक्ष गेलं नाही? समवयस्कांशी कितीही वेळा तुलना करा, याचं उत्तर मिळत नाही.

ऑक्सफर्डमध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९७८ मध्ये 'नेचर'मध्ये छापलेल्या अभ्यासात शेजारीच बदलला. एका गटात ६० कच्चे वाचक, सरासरी वय दहाच्या थोडं पुढे. दुसऱ्या गटात ३० सर्वसाधारण मुलं, वय सातच्या आत, पण वाचनाची पातळी मोठ्या मुलांइतकीच. मग दोघांना चार शब्द ऐकवून वेगळा आवाज असलेला शब्द ओळखायला सांगितलं. मराठीत सांगायचं तर 'पाट, वाट, लाट, माळ' यांतून 'माळ' बाजूला काढायचा. साडेतीन वर्षांनी मोठी असूनही कच्ची वाचक मुलं लहान मुलांच्या बरीच मागे राहिली.

आता "वाचन कमी झालं म्हणून" ही सबब चालत नाही, कारण वाचन दोघांचं सारखंच आहे. याला वाचन-पातळीवर जुळवलेला गट म्हणतात. पण एक खबरदारी घ्या. फरक दिसला तर या रचनेतून बरंच कळतं. फरक नाही दिसला तर मात्र फारसं कळत नाही, कारण मोठ्या मुलांना वयाचा फायदा मिळून खरी उणीव झाकली गेलेली असू शकते.

ब्रॅडली आणि ब्रायंट तिथेच थांबले नाहीत. १९८३ मध्ये, पुन्हा 'नेचर'मध्ये, त्यांनी पुढचा अभ्यास दिला. अजून वाचायला न शिकलेली चार-पाच वर्षांची सुमारे ४०० मुलं घेतली, ध्वनी ओळखण्याची चाचणी घेतली आणि चार वर्षं मागोवा ठेवला. सुरुवातीची ध्वनींची जाण पुढच्या वाचन-लेखनाशी जोडलेली निघाली. सोबतच, ध्वनी-चाचणीत मागे असलेल्या ६५ मुलांचे चार गट केले. एकाला ध्वनींचं प्रशिक्षण. दुसऱ्याला ध्वनींसोबत प्लास्टिकची अक्षरं. तिसऱ्याला त्याच चित्रांची अर्थानुसार वर्गवारी, म्हणजे प्राणी एकीकडे, भांडी दुसरीकडे अशा धर्तीवर. चौथ्याला काहीच नाही.

तिसरा गट कशाला? समजा फक्त पहिले दोन आणि चौथा असता. पहिल्या दोन गटांची प्रगती झाली तर कोणीही म्हणू शकलं असतं, "एका प्रेमळ बाईंनी मुलासोबत ४० वेळा एकेकट्याने बसून खेळ घेतले, प्रगती होणारच!" तिसऱ्या गटालाही तेवढाच वेळ आणि तेवढंच लक्ष मिळालं होतं. ध्वनी आणि अक्षरं दोन्ही शिकलेला गट वाचनात सर्वांत पुढे गेला आणि तिसऱ्या गटाशी त्याचा फरक ठळक होता. नुसत्या ध्वनींचा गट पुढे होता, पण तिसऱ्या गटाहून तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही, आणि हेही त्यांनी पेपरमध्ये सरळ छापलं. म्हणून या पेपरचा हवाला देताना "ध्वनी शिकवले की वाचन सुधारतं" असं अर्धवट लिहू नका. ध्वनी अक्षरांशी जोडून शिकवले, हा त्यातला अर्धा भाग आहे.

बुद्ध्यांकाची पट्टी

शेजारी निवडण्यात चूक झाली तर किती मोठं नुकसान होतं, ते इथे दिसतं. १९६० च्या दशकात मायकल रटर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या ९ ते ११ वयाच्या मुलांची पाहणी केली. क्लिनिकमध्ये आलेली मुलं न घेता अख्ख्या बेटाची मुलं घेतली, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी दोन प्रकार वेगळे केले. वय आणि बुद्ध्यांक पाहता जितकं यायला हवं त्याहून वाचन फार कमी असणारी मुलं, आणि बुद्ध्यांकही कमी, वाचनही कमी अशी मुलं.

संशोधनात ही विभागणी ठीक होती. पण ती पुढे कायद्यात आणि शाळांच्या नियमांत गेली. अमेरिकेत १९७७ च्या नियमांनुसार बुद्धी आणि संपादणूक यांत 'तीव्र तफावत' दिसली तरच अध्ययन अक्षमता मानायची पद्धत रुजली. परिणाम काय झाला असेल, विचार करा. पहिलीत तफावत दिसायला पुरेसा अवकाशच नसतो. म्हणून मूल तिसरी-चौथीपर्यंत नापास होत जाण्याची वाट बघायची आणि मग मदत द्यायची. ज्याचा बुद्ध्यांक कमी भरला त्याला 'हे असंच असणार' म्हणून सोडून द्यायचं. त्यात वाचन न झाल्याने शब्दसंग्रह कमी राहतो आणि शब्दसंग्रह कमी म्हणून बुद्ध्यांक कमी भरतो, हे चक्र वेगळंच.

१९८० च्या दशकाच्या शेवटी लिंडा सीगल, कीथ स्टॅनोविच, जॅक फ्लेचर यांनी या दोन प्रकारच्या मुलांना एकमेकांशेजारी बसवून बघायला सुरुवात केली. ध्वनी ओळखणं, अनोळखी शब्द फोडून वाचणं यांत दोन्ही प्रकार जवळजवळ सारखेच अडत होते. तफावत असो वा नसो, अडचणीचा गाभा तोच. पण अमेरिकेत तफावतीची सक्ती करता येणार नाही असा कायदेशीर बदल व्हायला २००४ साल उजाडलं. मधल्या काळात मदतीविना राहिलेल्या मुलांच्या पिढ्या कुठल्याही पेपरच्या तक्त्यात सापडत नाहीत.

कनेक्टिकट राज्यात सॅली आणि बेनेट शेविट्झ यांनी १९८३ मध्ये बालवाडीत आलेल्या चारशेच्या वर मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यातून आणखी दोन समज ढासळले. शाळांनी 'अडचण आहे' म्हणून पुढे केलेल्यांत मुलगे मुलींच्या तिपटी-चौपटीने होते. संशोधकांनी स्वतः सगळ्यांची चाचणी घेतली तेव्हा प्रमाण जवळपास सारखं निघालं. वर्गात दंगा करणारा मुलगा नजरेत येतो, मागच्या बाकावर गप्प बसलेली मुलगी येत नाही. दुसरं असं, की त्यांच्या १९९२ च्या पेपरप्रमाणे वाचनाची क्षमता सलग पट्टीवर पसरलेली असते. अडचण असणारे त्या पट्टीच्या एका टोकाला असतात, मधे नैसर्गिक कुंपण नसतं. रेघ कुठे मारायची ते आपण ठरवतो.

लक्ष आणि वाचन, दोन्ही अडत असतील तर?

दंगा करणाऱ्या मुलाचा विषय निघालाच आहे, तर एडीएचडीकडे वळू. १९३७ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या मुलांच्या उपचारगृहात चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना बेंझेड्रीन हे उत्तेजक दिलं. साधारण निम्म्या मुलांच्या अभ्यासात मोठा फरक दिसला. औषधाच्या आधीचा, औषधाचा आणि नंतरचा आठवडा त्यांनी ताडून पाहिला, पण खोट्या गोळीचा गट नव्हता. पुढे अशी समजूत पसरली की उत्तेजकाने ही मुलं शांत होतात म्हणजे त्यांचा मेंदू उलटा चालतो, आणि औषध लागू पडलं की निदान पक्कं.

कोणीतरी साध्या मुलांना शेजारी बसवायला हवं होतं. ते १९७८ मध्ये ज्युडिथ रॅपोपोर्ट यांच्या गटाने केलं. कुठलीही अडचण नसलेल्या १४ मुलग्यांना उत्तेजकाचा एक डोस दिला, तर त्यांचीही चुळबुळ कमी झाली आणि लक्ष वाढलं. औषध लागू पडणं हा निदानाचा पुरावा होऊ शकत नाही, हे एका छोट्या कंट्रोल ग्रुपने दाखवलं. औषध निरुपयोगी आहे असा मात्र याचा अर्थ नाही.

डिस्लेक्सिया आणि एडीएचडी एकाच मुलात दिसणं फार सामान्य आहे. अनेक अभ्यासांत हे प्रमाण पाव ते चाळीस टक्के येतं. म्हणून फक्त 'डिस्लेक्सिया' आणि 'नॉर्मल' असे दोन गट घेतले तर दिसलेला फरक वाचनाचा की लक्षाचा, हे सांगता येत नाही. ब्रूस पेनिंग्टन यांच्या गटाने १९९३ मध्ये चार गट घेतले: फक्त वाचन, फक्त लक्ष, दोन्ही आणि दोन्ही नाही. तेव्हा त्यांना वाटलं की 'दोन्ही' गटातली मुलं खरं तर वाचनाचीच अडचण असलेली आहेत आणि वाचन जमत नाही म्हणून त्यांचं लक्ष उडतं. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हे टिकलं नाही. त्या मुलांमध्ये दोन्ही प्रकारच्या उणिवा दिसल्या, आणि माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग कमी असणं दोन्हीकडे सामाईक निघालं. २००६ मध्ये पेनिंग्टन यांनीच एका कारणाचा आग्रह सोडून अनेक कारणांचं प्रारूप मांडलं. स्वतःचं जुनं उत्तर स्वतः मागे घेणं या क्षेत्रात लाजिरवाणं मानत नाहीत, हेही शिकण्यासारखं.

आपल्याकडे

हे सगळं संशोधन बहुतेक इंग्रजीवर झालंय. मराठीत मूल 'क' शिकतं तेव्हा क् आणि अ एकत्रच शिकतं. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं यांचा भार वेगळा आहे. इंग्रजीतली चाचणी भाषांतर करून चालत नाही. 'पाट, वाट, लाट, माळ' हे उदाहरण समजायला ठीक, पण ती प्रमाणित चाचणी नव्हे. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती १९९६ पासून मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. पण हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या पुढाकाराने तयार झालेली 'दाली' ही चाचणी आली २०१५ मध्ये. म्हणजे सवलत आधी आणि मराठीतलं मोजमाप जवळजवळ वीस वर्षांनी.

मराठी शाळेत, घरी वेगळी बोली बोलणाऱ्या, पुस्तक कधी न मिळालेल्या मुलाला आपण कोणाशेजारी उभं करणार? शहरातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलाशेजारी उभं केलं तर निष्कर्ष आधीच ठरलेला आहे. या प्रश्नावर आपल्याकडे काम करायला भरपूर जागा आहे आणि त्याला फार महागडी यंत्रंही लागत नाहीत.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना 'कंट्रोल ग्रुप' या शब्दापुढे आकडा टाकायच्या आधी चार प्रश्न कागदावर उतरवा. ही मुलं माझ्यापर्यंत कोणी पाठवली, आणि कोण पाठवलं गेलं नाही? मी गट कशावर जुळवतोय, वयावर की क्षमतेवर, आणि त्यामुळे कोणतं स्पष्टीकरण बाद होतं? माझ्या गटात दुसरी कुठली अडचण लपली आहे का? आणि माझी रेघ उद्या कोणी नियम म्हणून वापरली, तर रेघेच्या पलीकडे कोण राहील?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मुलाखतीत कामी येतील. चौथा कदाचित कोणी विचारणार नाही. तो आपला आपणच विचारायचा.